थोराचं क्रियापद

खेकडे भरण्याच्या कारखान्यात पहिल्या दिवशी
मुकादम म्हणाला, कीप युअर हँड्स कोल्ड.
वहीत लिहिलं: कीप म्हणजे ठेवणे.
सोपं वाटलं.
संध्याकाळी घरमालकीण दाराशी,
थोरा रेंडल, वाऱ्याने केस उभे:
हाऊ आर यू कीपिंग, युराते?
मी खिसे चाचपले.
कुणाचं काय ठेवून घेतलंय मी?

ऑर्कनीत वाऱ्याला अडवायला झाड नाही.
माणसं स्वयंपाकघरात बसतात
आणि बोलतात.
थोरा दुधाची बाटली हुंगायची:
धिस वोंट कीप.
म्हणजे दूध टिकणार नाही.
हे कसलं क्रियापद, मी म्हटलं,
ज्याचं कर्मावाचूनही भागतं?
तुझं नाही का भागत, ती म्हणाली,
आणि दूध मोरीत ओतलं.

भिंतीवरचं घड्याळ वेळ राखत नव्हतं,
सदा अकरा मिनिटं मागे.
दुरुस्त करून आणू का, विचारलं
तर तिने कान नसल्यासारखं केलं.
ते मॅन्सीचं घड्याळ.
मॅन्सी दीपगृहाचा कीपर,
रात्र रात्र दिवा राखायचा.
मग यंत्र बसलं.
दिवा राहिला, राखणारा घरी आला
आणि त्याने कोंबड्या पाळल्या.
तेच क्रियापद, थोरा म्हणाली, पगार कमी.
पण पहाटे दोनला तो उठायचाच.
ही केप्ट वेकिंग. खिडकीशी जाऊन बघायचा
उजेड फिरतोय ना.
मी लिहिलं: पुन्हा पुन्हा. न थांबता येणं.

फाटकावर कीप आउट.
पोस्टातल्या म्हाताऱ्याचं कीप द चेंज.
शब्द पाळणं, गुपित पोटात ठेवणं,
कुणाला जेवायला उशीर करायला लावणं,
तेही हेच.
आमच्या लिथुआनियनमध्ये, मी तिला सांगितलं,
धरून ठेवणं आणि वेळ
एकाच मुळातून फुटलेत.
मग तुमच्याकडची घड्याळं
बरोबर चालत असतील, ती म्हणाली.

फेब्रुवारीत तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली.
किर्कवॉलच्या दवाखान्यात शब्द ओहोटीला लागले:
आधी नावं, मग रंग,
मग हो आणि नाहीसुद्धा.
वाळूत एकच उरलं.
कीप, ती म्हणायची. पाणी हवं तर कीप,
उशी टोचते तर कीप,
नर्सला शिवी द्यायची तरी कीप.
डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ नसतो,
सुई अडकते तसं ते.

मी वही नेली.
किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसावं तशी
एकेक अर्थ लावून बघितला.
नजर कपाकडे, कीप:
चहा गार झालाय, आता टिकायचा नाही.
नजर दाराकडे, कीप:
सहाच्या सहा आहेत गं, तांबडी तेवढी
अंडं देत नाही, रुसलीये.
ती हसली, अर्ध्या तोंडाने.
मुकादमाला निरोप पाठवला,
आज येत नाही.

रात्री दोनला तिचे डोळे उघडे.
कीप. कीप.
सगळी पानं उलटली, एकही बसेना.
शेवटी वही मिटली
आणि तिचा हात हातात घेतला.
माझे हात गार होते,
कामाचा नियमच तसा.
तिने तक्रार केली नाही.

एप्रिलात पुतणी आली ॲबर्डीनहून,
खोकी, चिकटपट्टी, जाड मार्कर.
भली बाई. बूट दाराबाहेर काढले.
यातलं तुला काही ठेवायचंय का, म्हणाली,
इंग्रजीत, अर्थातच,
त्याच शब्दात.
मी भिंतीकडे बघितलं.
ते चुकीचं आहे, ती म्हणाली.
हो, म्हटलं,
अकरा मिनिटं.